अकरावीची केमिस्ट्री आणि माझा वजनकाटा

मी बी.कॉम., नोकरी हिशेब तपासनिसाची. केमिस्ट्रीशी संबंध दहावीलाच संपलेला. त्यामुळे अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला लेकाला २५ पैकी ७ पडले, तेव्हा आधी तोंडसुख घेतलं आणि मग महागडा क्लास लावला. रात्री साडेआठला तो घरी यायचा, जेवायचा आणि वही उघडून नुसता बसायचा. दोन महिन्यांनी ७ चे ९ झाले. क्लासची फी आठवून अजून पोटात गोळा येतो.

एका रात्री, ‘झाला का अभ्यास?’ हे ओठावर आलेलं गिळून मी विचारलं, “अरे, मोल म्हणजे काय ते सांग ना मला.”

“६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात,” तो एका दमात म्हणाला.

“कसले?”

“पार्टिकल्स गं.”

“म्हणजे डझनासारखं? डझनभर लिंबं आणि डझनभर कलिंगडं, वजन वेगळं पण नग बाराच?”

तो थांबला. “हो... तसंच की!”

मग ओट्यावर काटा काढला. १८ ग्रॅम पाणी, ५८.५ ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर, तिन्हीचा एकेक मोल. (अर्धा ग्रॅम आमच्या काट्याला कळत नाही, ते सोडा.) पाणी वाटीच्या तळाशी जेमतेम, साखरेचा मात्र डोंगर. तो बराच वेळ बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याची वही व्हाउचर तपासावं तशी वाचली. ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, द्रावण २५० मिली, मोलॅरिटी (म्हणजे एका लिटर द्रावणात किती मोल) काढा. त्याच्या एका मोलचं वजन ४० ग्रॅम, म्हणून ४ भागिले ४० म्हणजे ०.१ मोल, इथपर्यंत बरोबर. पुढे पठ्ठ्याने २५० ने भागलं होतं. मिलीचे लिटर केलेच नव्हते! ०.४ ऐवजी ०.०००४. पानोपानी हीच चूक. रसायनशास्त्र त्याला येत होतं, एककं सांडत होती. तेवढं तर मला ऑफिसात रोज बघावं लागतं. मग ठरलं, तो गणितं सोडवणार आणि मी लाल पेनाने फक्त एककं आणि दशांशचिन्ह बघणार. बाकी विषयात नाक खुपसायचं नाही.

क्लास बंद केला. ऑरगॅनिकला मी सपशेल आडवी झाले. ते षट्कोन बघून मला फक्त फरशी आठवते. त्यासाठी तो शेजारच्या बीएस्सीवाल्या ताईकडे आठवड्यातून दोनदा जाऊ लागला.

पुढच्या टेस्टला १४. घरी आल्यावर मी मार्क विचारलेच नाहीत, त्यानेच पेपर ओट्यावर ठेवला. “एका ठिकाणी ग्रॅमचे किलो राहिले,” म्हणाला आणि साखरेच्या डब्यात चमचा घातला. त्या एका मोलातली बरीचशी साखर आदल्या रविवारीच शिऱ्यात गेली होती.