सेझानची सफरचंदे: टेबलाची कडा आणि पहिले रंगलेपन

फ्रेंच चित्रकार पॉल सेझानच्या ‘सफरचंदांची टोपली’ या चित्रावरून चाललेला माझा तैलरंगातील अभ्यास आता रेखाटन संपवून रंगांपर्यंत आला आहे. सुमारे १८९३ मध्ये रंगवलेले मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये असून त्याच्याच आकाराचा, म्हणजे ६५ बाय ८० सेंटिमीटरचा, कॅनव्हास मी घेतला आहे.

रेखाटनात सर्वाधिक वेळ टेबलाच्या कडेने घेतला. पांढऱ्या कापडाखाली शिरलेली समोरची कडा पलीकडे निघते ती वेगळ्याच उंचीवर. बाटली डावीकडे कलते, आणि बशीतली खालची बिस्किटे बाजूने तर वरची काहीशी वरून दिसतात. फ्रेंच कला-अकादमीच्या यथार्थदर्शनात, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याच्या पद्धतीत, पाहणाऱ्याचा डोळा एका जागी खिळलेला असतो. सेझानने तो हलू दिला आणि त्या हालचालीत दिसलेले सारे एकाच चित्रात ठेवले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या तयारीत कडा जुळवण्याची सवय लागलेल्या हाताला ही रेषा तुटलेलीच ठेवणे जड जाते, पण ती सरळ केली की टोपलीचा पुढे झुकलेला भार नाहीसा होतो, हे मी कच्च्या रेखाटनांवर पडताळून पाहिले.

सफरचंदांना गोलाई देताना तपकिरी छाया पूर्णपणे टाळली आहे. अकादमीच्या पद्धतीत आकार उजेड-अंधाराने घडवून वर ब्रशची खूणही उरू न देता पृष्ठभाग गुळगुळीत करत. इथे मात्र लाल, नारिंगी, यलो ओकर (मातकट पिवळा), हिरवा आणि कडेला अल्ट्रामरीन निळा असे वेगवेगळे पट्टे शेजारी ठेवल्यावर, उष्ण रंग पुढे येऊन आणि शीत रंग मागे सरकून, फळ गोल होते. पट्टे ओले असताना घासून एकजीव केले तर ही रचना मरते. म्हणून प्रत्येक पट्ट्यानंतर ब्रश पुसतो.

फ्रेंच कलाविचारक आंद्रे फेलिबियाँने १६६७ मध्ये मांडलेल्या चित्रप्रकारांच्या श्रेणीक्रमात निर्जीव वस्तूंचे चित्रण तळाशी होते आणि इतिहास-पुराणकथांची चित्रे वर. कथेची गरज नसलेल्या याच प्रकारात सेझानला इतकी मोकळीक मिळाली असावी, असे मला वाटते. पॅरिसच्या सलोंने, म्हणजे तिथल्या अधिकृत कलाप्रदर्शनाने, त्याला वारंवार नाकारले. १८९५ मध्ये कलाविक्रेता व्होलारच्या दालनातील त्याच्या प्रदर्शनानंतर मात्र तरुण चित्रकारांचे लक्ष त्याच्याकडे वळले.

पुढचे काम कापडाचे आहे. त्याच्या घड्यांसाठी पांढऱ्यात काळा न मिसळता निळसर आणि हिरवट करडे रंग तयार केले आहेत, आणि ते वाळल्यावरच बाटली हाती घेईन.