कोलोनचे अकरा थेंब

आज जर्मनीतल्या कोलोन शहरात तिथलं नगरचिन्ह असलेली ही ढाल जागोजागी दिसली. वरच्या लाल पट्ट्यात तीन सोनेरी मुकुट, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे. त्यांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी आर्चबिशप राइनाल्डने ११६४ मध्ये मिलानहून आणल्या आणि इथे यात्रेकरूंची रीघ लागली.

खाली पांढऱ्यावर अकरा काळे थेंब. बरेच जण त्यांना अश्रू किंवा ज्वाळा समजतात. खरं तर ती हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या, मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीची काळी टोकं. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या ड्यूकांची खूण. दंतकथेतली संत उर्सुला तिथली राजकन्या, हूणांनी तिला सख्यांसह इथे मारलं; हे थेंब त्यांच्याच आठवणीचे. सख्या अकरा की अकरा हजार? रोमन अंक चुकीचे वाचल्याने हजार वाढले, हे मला जास्त पटतं.

थेंब मोजा. अकरा नसतील तर चित्र चुकलंय.