मोठ्या कंपनीत जाऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला बहुधा पहिली ऑफर हातात असलेली मुलंमुली विचारतात: जुन्या, नावाजलेल्या, हजारो माणसांच्या कंपनीत जावं, की छोट्या ठिकाणी? आपण तिथे हरवून तर जाणार नाही ना, ही धास्ती त्यामागे असते. यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या गुणवत्ता विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत, अजून तिथेच आहे. माझं उत्तर असं, की जा, पण तिथल्या माणसांसाठी जा.

पगार वेळेवर होतो, विमा असतो, रजेवर गेलात तर काम कोणीतरी सांभाळतं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला हे किरकोळ वाटायचं कारण नाही. नोकरीची शाश्वती मात्र बाहेरून दिसते तेवढी नसते. एखादा विभागच बंद करायचं वर ठरलं, की त्यात चांगलं काम करणारेही जातात.

माणसांचं म्हणाल, तर एक अनुभव सांगते. आमचा एक पंप ठरावीक वेगाला आला की थरथरायचा. बेअरिंग बदलून पाहिलं, बॅलन्सिंग पुन्हा केलं, अलाइनमेंट तपासली; फरक शून्य. शेवटी दुसऱ्या प्लँटमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी पंपाचा वेग विचारला आणि म्हणाले, "बेसफ्रेम बघा. त्या वेगाला पंपाखालची फ्रेमच रेझोनन्समध्ये येत असेल, म्हणजे पंपाच्या तालावर तीही जोरात थरथरत असेल. आम्हाला हे पूर्वी भोवलंय." संध्याकाळपर्यंत जुना रिपोर्टही शोधून पाठवला. फ्रेमला जादा आधार दिला आणि कंप गेला. माझी त्यांची तोवर ओळखही नव्हती.

सगळं बाजारात विकत मिळतं, तर कंपन्या मुळात असतातच कशाला, असा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी 1937 साली मांडला होता. त्यांचं उत्तर असं, की बाजारात योग्य माणूस शोधणं, भाव ठरवणं, करार करणं यालाही खर्च येतो आणि कंपनीच्या आत तो बराचसा वाचतो. त्या फोनच्या वेळी मला ना भाव ठरवावा लागला, ना करार करावा लागला. पण कोस यांनी हेही सांगितलं, की कंपनी वाढत गेली की आतल्या आत कामं जुळवून आणण्याचा खर्चही वाढत जातो. माझा वैताग नेमका तिथला आहे.

मोजमापाचं एक उपकरण हवं होतं. तांत्रिक विभागाची सही झाली, पर्चेसची झाली, फायनान्सने शंका काढली. पुरवठादार यादीत नव्हता, म्हणून त्याची नोंदणी. त्या नोंदणीसाठी आणखी सह्या. नकार कोणीच दिला नाही. 'थांबा' म्हणायचा अधिकार प्रत्येकाला होता, 'घ्या' म्हणायचा एकट्या कोणालाच नव्हता. उपकरण आलं, तोवर ते काम बाहेरून करून घेऊन झालं होतं. एकेका नियमामागे पूर्वीचं काही नुकसान असतं, कोणी फसवलेलं असतं, कुठे अपघात झालेला असतो, हे मला मान्य आहे. चीड याची येते, की नियम लिहून ठेवतात आणि कारण लिहीत नाहीत. मग ते कारण अजून उरलंय की नाही, हे सांगणारं कोणी राहत नाही आणि नियम तेवढा राहतो.

त्याहून जास्त त्रास अप्रेझलचा, म्हणजे कामाला श्रेणी देण्याचा. पाच जणांच्या टीममध्ये पाचही जणांनी मन लावून काम केलं, तरी बेल कर्व्हसाठी, म्हणजे ठरावीक लोक वर, मधे आणि खाली बसवायच्या पद्धतीसाठी, एकाला खालची श्रेणी द्यायचीच. त्या माणसासमोर बसून कारणं सांगताना मला आपण अन्याय करतोय असंच वाटायचं. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची क्रमवारी 2013 मध्ये बंद केली. बाकीच्यांनीही करावी.

एवढं असून मी राहिले, कारण मोठ्या कंपनीला थांबणं परवडतं. थ्रीएम या अमेरिकन कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना 1968 मध्ये एक गोंद सापडला. तो हलकाच चिकटायचा आणि सहज सुटायचा, त्यामुळे त्याचं करायचं काय ते कळेना. 1974 मध्ये त्यांचेच सहकारी आर्ट फ्राय यांना प्रार्थनेच्या पुस्तकातून न पडणाऱ्या खुणा हव्या होत्या, तेव्हा तो गोंद आठवला. पोस्ट-इट या चिकटवून पुन्हा काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांची अमेरिकेत सगळीकडे विक्री सुरू झाली 1980 मध्ये. म्हणजे 12 वर्षं! आज-उद्याच्या पगाराची चिंता असलेल्या छोट्या कंपनीला तो गोंद एवढी वर्षं जवळ बाळगणं अवघड गेलं असतं. आणि इथेही तो वाचला, कारण सिल्व्हर त्याबद्दल इतर विभागांतल्या लोकांना सांगत राहिले.

तेव्हा इंटरव्ह्यूच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हणतील, तेव्हा गप्प राहू नका. नव्या माणसाने सुचवलेली कोणती गोष्ट अलीकडे इथे बदलली आणि तिला किती सह्या लागल्या, ते विचारा. आणि दुसऱ्या विभागातल्या माणसाला मी थेट फोन करू शकते का, की साहेबांमार्फतच जायचं, हेही विचारा. या दुसऱ्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघू लागले, तर पगार थोडा कमी असला तरी छोटी कंपनी घ्या.