रडीचा डाव आणि तीन फासे

तीन फासे टाकले. दोन चांदण्या आणि एक रणगाडा.

ज्यांनी ‘मेमॉयर ४४’ खेळलाय त्यांना एवढ्यावरच माझं दुःख कळेल, बाकीच्यांसाठी सांगते. हा दुसऱ्या महायुद्धाचा बोर्ड गेम आहे, २००४ साली आलेला, षटकोनी घरांचा पट, प्लास्टिकचे चिमुकले शिपाई, रणगाडे, तोफा. फाशावर आकडे नसतात, चित्रं असतात. सहापैकी दोन बाजूंना शिपाई, एकीवर रणगाडा, एकीवर ग्रेनेड, एकीवर चांदणी, एकीवर झेंडा. समोर पायदळ असेल तर शिपाई किंवा ग्रेनेड आला की त्यांचा एक जण पडला, झेंडा आला की त्यांनी एक घर मागे सरायचं, आणि बाकी काहीही आलं की आपण नुसताच आवाज केला. म्हणजे एका फाशाला लागायची शक्यता बरोब्बर निम्मी. माझ्या रणगाड्याला तीन फासे. समोर माझ्या भाच्याच्या तुकडीतला शेवटचा एक शिपाई, उघड्या मैदानात, झाड नाही, घर नाही, काही नाही. त्याला उडवला की तुकडी संपवल्याचं शेवटचं मेडल माझं आणि डाव माझा. तिन्ही फासे चुकायची शक्यता आठात एक.

तर ती आठातली एक वेळ आली. मग भाच्याने शांतपणे हातातलं एक कार्ड टाकलं (पटाच्या कुठल्या बाजूच्या तुकड्या हलवायच्या ते कार्ड ठरवतं), त्या एकुलत्या एक शिपायासाठी तीन फासे उचलले (या खेळात तुकडीत कितीही जण उरलेले असोत, फासे पूर्ण मिळतात) आणि माझा रणगाडा उडवला. माझ्याही त्या तुकडीत एकच रणगाडा उरला होता. मेडल त्याचं, डाव त्याचा.

मग मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सारांश असा की एक शिपाई रणगाडा उडवतो हे कुठल्या युद्धात झालं होतं, हा खेळ आहे की लॉटरी, आणि आपण उगाच दोन-दोन तास डोकं खपवतो, सरळ एकेक फासा टाकायचा, मोठं दान ज्याचं तो जिंकला, जेवायला मोकळे. भाचा पट आवरत होता, शिपाई त्यांच्या कप्प्यात, रणगाडे त्यांच्या. मान वर न करता म्हणाला, “आत्या, तू फासे टाकायच्या आधीच हरली होतीस.”

तेरा वर्षांचा आहे. इतका राग आला ना.

रात्री झोप येईना म्हणून हिशोब करत बसले आणि झोप आणखीच उडाली. रणगाड्याला मारायला त्याला रणगाडा किंवा ग्रेनेड हवा होता, म्हणजे सहातल्या दोन बाजू, तीन फासे, एक लागला तरी पुरे. तिन्ही चुकायची शक्यता २७ पैकी ८. म्हणजे लागायची २७ पैकी १९, जवळजवळ ७० टक्के! ज्याला मी चमत्कार म्हणून बोंब मारत होते तो मुळात चमत्कार नव्हताच, दहात सात वेळा होणारी गोष्ट होती. आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या मागेच तीन घरं सोडून तीन रणगाड्यांची ताजी तुकडी उभी होती. थोडं पुढे सरकून तीन घरांवरून मारलं तरी रणगाड्याला तेच तीन फासे मिळतात, तेव्हा मारायचं काम तिला देता आलं असतं आणि हा जखमी एकटा रणगाडा गपचूप मागे घेता आला असता, माझं कार्ड दोन तुकड्या हलवायचं होतं. ताज्या तुकडीचे तेच तीन फासे चुकले असते तरी उत्तरादाखल ती संपवायला त्याला तीनपैकी तिन्ही फासे लागायला हवे होते, २७ मध्ये एकदा. ७० टक्के कुठे आणि ४ टक्क्यांच्याही आत कुठे.

मग मी तसं का केलं नाही? हावरटपणा, दुसरं काय. रणगाडा शेजारच्या घरावर हल्ला करून ते रिकामं करू शकला तर त्याला पुढे घुसून अजून एकदा हल्ला करायला मिळतो. त्या शिपायाच्या मागे त्याची तोफ होती आणि मला एका दगडात दोन पक्षी मारायचे होते, ज्यातला एक पक्षी मारून काहीच मिळणार नव्हतं कारण डाव तर पहिल्यातच संपत होता. आणि ताजी तुकडी म्हणे पुढच्या टर्नसाठी जपून ठेवायची होती. कुठला पुढचा टर्न?

आणि त्याच्या हातातलं ते कार्ड. त्या बाजूचं कार्ड त्याने तीन टर्न धरून ठेवलं होतं हे त्याने मला नंतर सांगितलं. मधे दोनदा ते टाकायची संधी होती, टाकलं नाही. मला फक्त त्याचे फासे दिसले.

आपल्याकडे याला म्हण तयारच आहे, नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण खरंच वाकडं असेल तर? हा विचार काही माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी पुढचं पाऊल उचललं आणि फाशांची तपासणी केली. एका ग्लासात पाणी घ्यायचं, त्यात मीठ विरघळवत राहायचं, पाणी इतकं जड झालं की फासा तरंगतो, मग त्याला बोटाने टिचकी मारून फिरवायचं आणि दर वेळी तोच आकडा वर येतोय का बघायचं. येत असेल तर फासा आतून एका बाजूला जड. चित्रांच्या फाशांना हा प्रयोग करायचा धीर झाला नाही, पण आमच्याकडे आकड्यांच्या फाशांची एक पिशवी आहे तिच्यातले घेतले. मीठ किती लागतं याची कल्पना नव्हती. ढवळतेय, ढवळतेय, फासा आपला तळाशी ढिम्म. अर्धी बरणी संपल्यावर तो एकदाचा हलला, हळूच वर आला, वर आला आणि पाण्याच्या टोकाशी गिरकी घेत राहिला. कधी दोन वर, कधी पाच, कधी नुसताच एका कोपऱ्यावर लटकलेला. निर्दोष. पिशवीतला एकही फासा दोषी निघाला नाही. भाचा दारात उभा राहून बघत होता आणि तेव्हापासून घरात कुठलीही गोष्ट चुकली, म्हणजे बस चुकली किंवा दूध उतू गेलं, तरी तो विचारतो, “मीठ घालून बघितलंस का?”

फासे ठीक आहेत म्हटल्यावर मग वही केली. प्रत्येक डावात मी टाकलेलं प्रत्येक दान लिहायचं. काही आठवडे मनापासून केलं. वही नंतर उघडली तेव्हा आकड्यांकडे माझं लक्षच गेलं नाही, लक्ष गेलं ते समासाकडे. चांगलं दान पडलं तिथे नुसती टिक. वाईट दान पडलं तिथे चार-चार ओळी, अधोरेखित, एका ठिकाणी पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर उमटलंय. तीनपैकी तिन्ही लागलेत तिथेही टिकच. म्हणजे तिन्ही लागले की ती माझी हुशारी, तिन्ही चुकले की फुटकं नशीब. समोर पायदळ असेल तर दोन्हीची शक्यता सारखीच, आठात एक! शाळेतल्या हिशोबाच्या वहीत असं केलं असतं तर छडी मिळाली असती.

आता मी फाशांची वकिली करतेय असं वाटेल, पण फाशांवर चिडणं ही माणसाची फार जुनी सवय आहे आणि त्यात मोठमोठे लोक होऊन गेलेत. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाचा तरुण अधिकारी होता, त्याने १८२४ साली अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी युद्धाचा एक खेळ मांडला, खऱ्या नकाशावर, दोन्ही बाजूंच्या सैन्याचे ठोकळे, मधे एक पंच, आणि गोळीबारात किती माणसं पडली हे ठरवायला फासे आणि तक्ते. म्हणजे ज्यांना खऱ्या लढाईवर जायचं होतं त्यांच्यासाठी फासे, कारण लढाईत बंदुकीची दारू ओली होते, निरोप्या वाट चुकतो, ठरवलेलं ठरवल्यासारखं घडतच नाही, हे त्यांना आधीच कळलेलं बरं. पुढे खेळ नियमांनी इतका जड झाला की १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्यानेच फासे आणि तक्ते दोन्ही बाजूला ठेवले आणि सगळा निकाल अनुभवी पंचावर सोपवला. पंच म्हणेल ते. मला त्या पंचांची दया येते. फाशाशी भांडलं तर फासा ऐकून घेतो. माणसाने “तुझी तुकडी गेली” म्हटलं की आयुष्यभराचं वैर.

आणि फाशांचं गणित डोक्याला अजिबात मोकळं सोडत नाही हो. ‘रिस्क’ हा जग जिंकायचा बोर्ड गेम घ्या, एका फ्रेंच सिनेमा दिग्दर्शकाने, आल्बेर लामोरिसने केलेला, १९५७ चा. त्यात बरोबरी झाली तर बचाव करणारा जिंकतो, त्यामुळे एकास एक फासा असेल तर हल्ला करणारा ३६ पैकी १५ वेळाच जिंकतो. लहान लढाईत चढाई करणाराच मूर्ख. पण हल्ल्याला तीन फासे आणि बचावाला दोन असं झालं की चित्र पालटतं, ७७७६ शक्यतांपैकी २८९० मध्ये बचाव करणाऱ्याचे दोन सैनिक जातात आणि २२७५ मध्येच हल्ला करणाऱ्याचे दोन, उरलेल्यात दोघांचा एकेक. म्हणजे मोठ्या फौजेनिशी मोठ्या फौजेवर जाणाऱ्याला दर फेरीत थोडासा, अगदी थोडासा फायदा, आणि तो साठत जातो. फासे तेच. तीन फासे मिळतील अशी फौज गोळा करून मगच भिडायचं की समोरच्याने डिवचलं म्हणून दोन माणसं घेऊन धावत सुटायचं, हे मात्र आपणच ठरवतो. मी दुसऱ्या प्रकारातली.

भाच्याचं खेळणं मी तेव्हापासून नीट बघायला लागले. तो फासे कमी टाकतो असं नाही, उलट पुढे असला की जास्तच टाकतो, पण बारीक-बारीक. लांबून एक फासा, झाडाआडून दोन, लागला तर लागला, नाही लागला तर त्याचं काही जात नाही. खूप दानं पडली की नशीब आपोआप सपाट होत जातं आणि जो बऱ्या जागी उभा आहे त्याचं पारडं जड होतं. मागे पडला की मात्र बरोबर उलटा वागतो, छोटी भांडणं टाळतो आणि सगळं एका मोठ्या दानावर लावतो, कारण तिथेच काय ते उलटायची आशा. मी नेमकं याच्या विरुद्ध करत आले. जिंकत असताना मला घाई सुटते, एका फटक्यात संपवायचं असतं, आणि हरत असताना मी अतिशय शहाण्यासारखी, काटकसरीने, थोडं-थोडं हरत जाते.

पण एक कबूल करायला हवं, कधीकधी निव्वळ नशीबच असतं. सगळं नीट केलेलं असतं, ताजी तुकडी पुढे, जखमी मागे, हातचं राखून ठेवलेलं, आणि तरी २७ मधली ती एक वेळ येते आणि तीन रणगाडे एका दमात जातात. अशा वेळी शहाणपणा सांगायला येणाऱ्याला मी पटावरून उठवते. एका दानावर अख्खा डाव फिरेल असा खेळ बनवणाऱ्यांवरही माझा राग आहे, दोन तास जमवलेलं शेवटच्या एका फाशाने पुसून टाकायचं ही काय पद्धत झाली. पण फासे नसलेला खेळ आम्ही खेळून पाहिलाय. बुद्धिबळ. तिथे पहिल्या वीस मिनिटांत काय होणार ते दोघांनाही कळतं आणि उरलेला वेळ तो माझ्यावर दया करत असतो. फाशांच्या खेळात तो दया करत नाही. तिथे त्याला माझी भीती वाटते, थोडी का होईना, आणि मला ती हवीय.

परवा पुन्हा बसलो. तोच पट, बाजू बदलून. शेवटाकडे त्याची तोफ माझ्या एकट्या उरलेल्या शिपायाच्या अगदी समोर होती, उघड्यावर, तीन फासे. त्याने सगळं बरोबर केलं होतं, आधी बाकीच्या तुकड्या सुरक्षित जागी नेऊन मग तोफेला हात घातला होता, मी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले होते. फासे हातात खुळखुळवले. टाकले. एक टेबलाच्या कडेला पुस्तकाला टेकून तिरका राहिला, तो आमच्या नियमाप्रमाणे परत टाकला. चांदणी, रणगाडा, चांदणी.

तो बराच वेळ फाशांकडे बघत राहिला. मी काहीही बोलले नाही, हसलेसुद्धा नाही, शपथ. मग त्याने तिन्ही फासे गोळा केले, मुठीत धरले आणि उठून उभा राहिला.

“आत्या, मीठ कुठेय?”