तारा पाच, तोंडं किती?

एम.ए.च्या लघुप्रबंधाला मी हौसेने विषय घेतला: १९३६ साली स्पेनच्या यादवीत इटली आणि जर्मनी सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोला विमानं पुरवताहेत, ही कुणकुण परदेशी वकिलातींनी कशी पारखली? अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या छापील तारा इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. म्हटलं, सुट्टीत उरकेल.

पहिल्या मसुद्यात मी ठोकून दिलं, "पाच ठिकाणांहून दुजोरा." गाईड मॅडमनी पेन्सिलीने खाली रेघ मारली. "अगं, तारा पाच आहेत. तोंडं किती?"

परत बसले. एक्सेलमध्ये रकाने आखले: कोणी पाहिलं, कोणाकडून ऐकलं, सांगणाऱ्याचा फायदा काय. 'पाहिलं'चा रकाना बरेच दिवस जवळजवळ रिकामाच होता. अमेरिकेचे स्पेनमधले राजदूत क्लॉड बॉवर्स यांचाच मुक्काम माद्रिदला नव्हता. ते सीमेपलीकडे, फ्रान्समधल्या सां-जां-द-ल्युझला. बाकी सगळं 'विश्वसनीय गोटातून'. हा गोट म्हणजे आपल्याकडचा 'सूत्रांकडून'!

रकाना भरला तो ३० जुलै १९३६च्या घटनेने. इटलीच्या सार्डिनिया बेटावरून १२ साव्होया बॉम्बर विमानं फ्रँकोच्या ताब्यातल्या स्पॅनिश मोरोक्कोकडे निघाली. समोरून वारा, पेट्रोल संपत आलेलं. एक समुद्रात पडलं, एक उत्तर आफ्रिकेतल्या फ्रेंच हद्दीत कोसळलं, एक तिथेच कसंबसं उतरलं. फ्रेंचांनी जाऊन पाहिलं, तर विमानावरच्या इटालियन खुणा रंग फासून झाकलेल्या आणि वैमानिक इटलीच्या हवाई दलातले. इतके दिवस तारा चाळून जे हाती लागलं नव्हतं, ते पेट्रोलच्या टाकीने सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदाने.

पुढचं प्रकरण कंटाळवाणं, पण टाळता येईना. सप्टेंबरात लंडनला हस्तक्षेपविरोधी समिती बसली, स्पेनच्या युद्धात बाहेरच्या देशांनी पडू नये म्हणून. सभासदांत इटली, जर्मनी आणि स्पेन सरकारला रणगाडे पाठवणारा सोव्हिएत संघही. तक्रार यायची, खुलासा मागवायचे, खुलासा यायचा. यावर माझी १४ पानं गेली. मॅडमनी चारच ठेवली.

शेवटची नोंद मार्च १९३७ची. इटलीचे राजदूत ग्रांदी त्याच समितीत म्हणाले की फ्रँकोचा पुरता विजय होईपर्यंत एकही इटालियन स्वयंसेवक स्पेन सोडणार नाही, अशी आपली इच्छा आहे. 'कोणाकडून ऐकलं'मध्ये मी ग्रांदींचंच नाव टाकलं. 'फायदा काय'पाशी कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला. शेवटी तो रकाना कोराच सोडून फाईल मॅडमना पाठवली.