इंटरनेटवरून अलार्म संदेश : पोच, घड्याळ आणि हजेरी

घुसखोरीची सूचना देणाऱ्या जुन्या अलार्म पॅनेलचा संदेश इंटरनेटवरून रिसीव्हरपर्यंत, म्हणजे तो घेऊन नोंदवणाऱ्या यंत्रापर्यंत, नेण्याच्या कामातला हा पुढचा टप्पा आहे. पॅनेलच्या टेलिफोन डायलरकडून येणारे काँटॅक्ट आयडी पद्धतीचे (घटना अंकांच्या रूपात सांगणारे) स्वर ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर वाचून घेण्याचे काम पूर्वीच झाले होते. आता तोच मजकूर इंटरनेटवरून अलार्म संदेश पाठवण्याच्या एसआयए डीसी-०९ या मानकाप्रमाणे बांधला जातो, टीसीपी या इंटरनेटवरच्या वहनपद्धतीने रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या माझ्या स्वतःच्या रिसीव्हरकडे जातो आणि त्याची पोच परत येते. अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या चालू मॉनिटरिंग स्टेशनकडे प्रयोगाचे संदेश मुळीच जाऊ नयेत, याबद्दल मी आग्रही आहे. तिथल्या ऑपरेटरला येणारा प्रत्येक संदेश खरा समजूनच हाताळावा लागतो.

पॅनेलचे स्वर तसेच इंटरनेट फोनवरून पुढे का पाठवू नयेत, असा प्रश्न साहजिक आहे. जी.७२९ सारखे कोडेक (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या पद्धती) माणसाचे बोलणे कमी जागेत बसवण्यासाठी घडवलेले असल्याने डीटीएमएफचे, म्हणजे फोनच्या बटणांचे, स्वर त्यांतून विद्रूप होऊन बाहेर पडतात. जी.७११ या दुसऱ्या कोडेकवर स्वर बरे टिकतात, पण तिथेही एखादे पॅकेट हरवले की अंक गळतो आणि पॅनेलला सगळा निरोप पुन्हा पाठवावा लागतो. म्हणून स्वर पॅनेलजवळच उतरवून घ्यावेत आणि पुढे फक्त माहिती पाठवावी, हेच मला योग्य वाटते. त्यासाठी पॅनेलला खऱ्या फोनलाइनचा भास द्यावा लागतो : डायल टोन, मग १४०० आणि २३०० हर्ट्झचे १०० मिलिसेकंदांचे दोन स्वर, आणि मजकूर नीट मिळाला की शेवटी १४०० हर्ट्झचा लांब स्वर.

या मजकुरात सोळा अंक असतात. उदाहरणार्थ १२३४ १८ ११३१ ०१ ०१५ ८ याचा अर्थ असा : खाते १२३४, १८ ही काँटॅक्ट आयडीची खूण, नवी घटना म्हणून १, परिसराच्या कडेवरील घुसखोरीसाठी १३१, विभाग ०१, झोन ०१५ आणि शेवटी पडताळणीचा अंक. शून्याची किंमत दहा धरून सर्व अंकांची बेरीज केली तर ती १५ च्या पटीत यावी लागते. इथे ती ६० येते. एमटी८८७० ही डीटीएमएफ ओळखणारी चिप शून्यासाठी दहाचाच संकेत देते, त्यामुळे तिच्याकडून आलेले आकडे काहीही न बदलता सरळ बेरजेत घेता येतात. ही जुळणी मला फार आवडली.

डीसी-०९ मध्ये हा मजकूर चौकटी कंसात बसतो, पण १८ आणि पडताळणीचा अंक गळून जातात, कारण पूर्ण संदेशासाठी सोळा बिटांचा सीआरसी (चूक ओळखण्याचा पडताळा-आकडा) आणि लांबी वेगळी लिहिलेली असते. कंसाच्या आधी एडीएम-सीआयडी ही मजकुराच्या प्रकाराची ओळख, चार अंकी क्रमांक आणि खाते येते. या टप्प्यात मी सर्वाधिक वेळ या क्रमांकावर दिला. पोच येईपर्यंत संदेश गेला असे मानायचे नाही, आणि पुन्हा पाठवताना क्रमांक बदलायचा नाही. म्हणजे पोच वाटेत हरवली तरी रिसीव्हरला ती जुनीच घटना असल्याचे कळते. टीसीपीने बाइट पोहोचवले म्हणजे रिसीव्हरने घटना नोंदवली असे होत नाही. म्हणून माझा रिसीव्हर घटना डिस्कवर लिहून झाल्यानंतरच पोच देतो, आणि पॅनेलला ऐकवायचा शेवटचा लांब स्वरही त्या पोचेनंतरच वाजतो. पोच उशिरा आली तर पॅनेल स्वतःच पुन्हा प्रयत्न करते, आणि ते तसे करते हेच बरे आहे.

सांकेतिकीकरणासाठी, म्हणजे मजकूर गुप्त ठेवण्यासाठी, एईएस हे गुप्तलेखनाचे मानक सीबीसी पद्धतीत वापरले जाते; मी १२८ बिटांची किल्ली घेतली आहे. सांकेतिक संदेशात वेळेचा शिक्का सक्तीचा आहे आणि तो रिसीव्हरच्या ग्रीनिच वेळेपेक्षा फार तर २० सेकंद पुढे किंवा ४० सेकंद मागे चालतो. त्याबाहेरचा संदेश नाकारला जातो, पण नकारासोबत रिसीव्हरची वेळही येते आणि तिच्यावरून घड्याळ लावून लगेच पुन्हा पाठवता येते. कोणी जुना संदेश टिपून नंतर तसाच पाठवला, तर तो याच अटीमुळे अडतो. खाते क्रमांक मात्र कंसाबाहेर उघडाच राहतो, हे लक्षात ठेवावे.

घटना नसताना रिकामा संदेश पाठवून हजेरी लावली जाते. केबल कापली गेली तर पॅनेल काहीच सांगू शकत नाही, ते रिसीव्हरलाच ओळखावे लागते. त्यामुळे हजेरी चुकल्याचा इशारा देणे ही मी रिसीव्हरची मुख्य जबाबदारी मानतो. अंतर किती ठेवावे हा समतोलाचा प्रश्न आहे : फार कमी ठेवले तर राउटर पुन्हा सुरू होतानाही इशारा वाजतो, आणि दिवसातून एकदाच हजेरी घेतली तर कापलेली लाइन दिवसभर कळत नाही. सध्या मी दर मिनिटाला हजेरी घेतो आणि लागोपाठ तीन चुकल्या तर इशारा देतो.

वीजपुरवठ्याचा विचार तितकाच आवश्यक आहे. पॅनेलची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी ८४ वॅट-तास देते; तिच्यावर १० वॅटचा राउटर जोडला तर कागदावर साडेआठ तासांच्या आतच ती संपते, आणि प्रत्यक्षात त्याहूनही लवकर. म्हणून राउटर आणि फायबरचा मोडेम यांच्यासाठी वेगळी बॅटरी जोडली आहे.

पुढचे काम दुसऱ्या मार्गाचे, म्हणजे ४जी मोडेमचे आहे. युरोपीय मानक ईएन ५०१३६ एकेरी आणि दुहेरी मार्गांचे वर्ग वेगळे करते, आणि दुहेरी मार्गात एक मार्ग बंद पडल्याची बातमी दुसऱ्याने द्यायची असते. त्यासाठी काँटॅक्ट आयडीतला ३५० हा संपर्क-बिघाडाचा संकेत वापरण्याचे ठरवले आहे. दोन्ही मार्गांवरून आलेली एकच घटना रिसीव्हरने एकदाच नोंदवावी, यासाठी क्रमांकांची नोंद मार्गानुसार ठेवावी की खात्यानुसार, हे मोडेम जोडल्यावर तपासणार आहे.