कार्ड बंद केलं, पण ऑटो डेबिट चालूच होतं : माझा अनुभव

नवऱ्याच्या आजारपणात क्रेडिट कार्डावर चढलेली थकबाकी फेडायला मला २ वर्षं ४ महिने लागले. शेवटचं ३८,००० रुपयांचं बिल मार्चमध्ये आलं तेव्हा सुदैवाने बोनस हातात होता. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते. बिल भरायचं, कार्ड बंद करायचं, विषय संपला, असं मी धरून चालले होते. तो संपायला सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण त्यातली एक गोष्ट आम्हाला फार महागात पडली असती.

बिल निघालं १४ मार्चला, भरायची शेवटची तारीख ३ एप्रिल. मी १ तारखेलाच ॲपवरून पूर्ण ३८,००० भरले. ३ तारखेला माझ्या सेव्हिंग खात्यातून पुन्हा ३८,००० गेले.

कार्डाच्या बिलासाठी ऑटो डेबिट मीच लावलं होतं. आजारपणाच्या धावपळीत तारीख चुकू नये म्हणून आधी फक्त 'मिनिमम ड्यू'साठी, म्हणजे बिलातल्या कमीत कमी भरायच्या रकमेसाठी, आणि बोनस येणार हे कळल्यावर ते 'टोटल ड्यू'साठी, म्हणजे पूर्ण बिलासाठी करून घेतलं. तरीही हाताने भरलं, कारण कधी एकदा त्या ॲपवर शून्य दिसतंय असं झालं होतं. आपण भरलं की ऑटो डेबिटला उचलायला काही उरणार नाही, असं मला वाटलं. पण डेबिटची फाईल दोन दिवस आधीच पुढे गेलेली होती.

५ तारखेला घराच्या कर्जाचा १७,४०० चा हप्ता होता. खात्यात ११ हजार उरले होते. हप्ता परत गेला, वर ५०० रुपये दंड आणि जीएसटी मिळून ५९० कापले गेले. नवरा हॉस्पिटलमध्ये होता तेव्हासुद्धा मी घराचा एकही हप्ता चुकवला नव्हता. तो मेसेज वाचून मला खरंच रडू आलं. बहिणीकडून पैसे घेऊन त्याच दिवशी हप्ता भरला आणि अर्धा दिवस रजा टाकून नौपाड्यातल्या शाखेत गेले.

काउंटरवरच्या मुलीने पासबुक बघितलं. "काकू, कार्ड दुसऱ्या बँकेचं आहे ना? मग हे नॅचमधून गेलंय. कार्ड बंद केलंत तरी इथलं मँडेट तसंच राहील. ते वेगळं रद्द करावं लागतं."

नॅच म्हणजे आपल्या खात्यातून दुसऱ्या बँकेने किंवा कंपनीने ठरलेले पैसे आपोआप उचलायची व्यवस्था, आणि मँडेट म्हणजे त्यासाठी आपण दिलेली परवानगी. मी म्हटलं, माझ्या खात्यावर अशी किती मँडेट आहेत ते बघून दे. तिने कागद काढून दिला. चार ओळी होत्या. घराचं कर्ज, म्युच्युअल फंडाची एसआयपी, कार्डाचं बिल, आणि चौथी ओळ एका फायनान्स कंपनीची. ते वॉशिंग मशीनचं कर्ज होतं, २०२१ मध्येच फिटलेलं. हप्ता होता २,१०० चा, पण मँडेटची मर्यादा ५०,००० आणि मुदत 'रद्द होईपर्यंत'. म्हणजे कर्ज फिटून इतकी वर्षं झाली तरी त्या कंपनीला माझ्या खात्यातून पैसे मागायची परवानगी कागदावर शाबूत होती. तिथेच उभ्याने दोन फॉर्म भरले. प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा लांबलचक क्रमांक असतो, तो त्या कागदावरून एकेक अक्षर बघून उतरवला, पोच घेतली. आठवड्याने नेट बँकिंगवर दोन्हींसमोर 'कॅन्सल्ड' दिसलं.

आता कार्डाकडे वळले. जास्तीचे ३८,००० परत मागितले तर पुढच्या स्टेटमेंटमध्ये जमा दिसले ३७,०७१. बाकीचे कुठे गेले? फोन केल्यावर कळलं की थकबाकी पुढे ओढत आणलेली असेल तर बिल निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचंही व्याज लागतं, आणि ते पुढच्या बिलात येतं. माझे १८ दिवस होते. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराने ७८७ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ९२९. मी कॅल्क्युलेटरवर मांडून बघितलं, हिशेब बरोबर होता. पण विचार करा, ते दुसरे ३८,००० चुकून गेले नसते आणि मी बिल भरून ॲप काढून टाकलं असतं, तर हेच ९२९ थकीत राहून त्यावर लेट फी चढत गेली असती. म्हणून 'पूर्ण भरलं' म्हटल्यावरही पुढचं एक स्टेटमेंट येऊ द्यावं. जमा रक्कम खात्यात परत यायला दहा दिवस लागले.

आणि मग दुसऱ्या दिशेची मँडेट, म्हणजे कार्डावरून बाहेर जाणारे पैसे. मोबाईलचं बिल, लेकाच्या फोटोंसाठी घेतलेली साठवणुकीची जागा, सिनेमे बघायचं एक ॲप, फास्टॅग. मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट काढली, एकेका ओळीवर पेन्सिलने खूण केली. सिनेमांचं ॲप बंद केलं, बाकीचं यूपीआय ऑटोपेवर नेलं.

एका ओळीपाशी थांबले. दर महिन्याच्या ७ तारखेला ५०० रुपये, मुलींच्या एका वसतिगृहाला. सासरे गेले तेव्हा सासूबाईंनी सुरू करायला लावलेली देणगी. कर्जाच्या सगळ्या काळातही मी ती थांबवली नव्हती. या वेळी आईंना म्हटलं, "तुमच्या पेन्शनच्या खात्यावरून करायची का?" त्यांना ते फार आवडलं. चष्मा लावून त्यांनी स्वतः यूपीआय पिन टाकला. "आता माझ्या पैशातून जातंय," असं शेजारच्या काकूंनाही सांगून आल्या.

कार्ड बंद करण्याचा भाग मात्र सोपा गेला. फोनवर पलीकडच्याने आधी वार्षिक फी कायमची माफ करतो म्हणून थोपवायचा प्रयत्न केला, मग शाखेत अर्ज द्या म्हणाला. मी त्याला रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम सांगितला. थकबाकी नसेल तर अर्ज आल्यापासून सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला ५०० रुपये द्यायचे. ईमेल किंवा ॲपवरून केलेला अर्ज चालतो, पोस्टानेच पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. त्याने लगेच विनंती क्रमांक दिला. साठलेले पॉइंट आधी वापरून घेतले. सहाव्या दिवशी बंद झाल्याचा मेल आला, आणि मी कार्ड चिपवरून आडवं कापलं.

यानंतरची चूक माझी.

२८ जुलैला नवऱ्याच्या तपासणीसाठी त्याची फाईल काढली. त्यात त्याच्या टर्म इन्शुरन्सची गेल्या वर्षीची पावती होती, १८,६४० रुपये. तारीख ९ जुलै. खाली लिहिलेलं : क्रेडिट कार्ड, ऑटो पेमेंट.

माझे हातपाय गार पडले. ५० लाखांची पॉलिसी आहे ती. आजारपणाआधी काढलेली. आता ती बुडाली असती, तर इतक्या मोठ्या आजारानंतर कुठली कंपनी त्याला त्याच भावात, किंवा मुळात कुठल्याही भावात, विमा देणार? मी तीन महिन्यांची स्टेटमेंट बघितली होती आणि हा हप्ता वर्षातून एकदाच जातो. कार्डावरून पैसे जाण्याआधी किमान २४ तास बँकेचा मेसेज येतो, पण तो कार्ड देणाऱ्या बँकेकडून. कार्डच नाही म्हटल्यावर मेसेज कुठून येणार? विमा कंपनीने मेसेज पाठवले होते, ते त्याच्या ऑफिसच्या जुन्या नंबरवर, जो आजारपणात परत केला.

तो म्हणाला, "अगं, आधी शांत हो, कंपनीला फोन लाव." वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. आमचे १९ गेले होते. फोन चालू असतानाच नेट बँकिंगवरून हप्ता भरला, पावती हातात येईपर्यंत मी जागची उठले नाही. पुढच्या वर्षासाठी मँडेट बँक खात्यावर लावलं, मोबाईल नंबर बदलला.

नंतर कळलं की कार्डाच्या नेट बँकिंगमध्ये 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' किंवा 'ई-मँडेट' नावाचं एक पान असतं आणि त्यावर सगळी मँडेट एकत्र दिसतात, वार्षिकसुद्धा. मला ते माहीत नव्हतं आणि कार्ड बंद झाल्यावर तिथलं लॉगिनही गेलं. म्हणून तुम्ही कार्ड बंद करणार असाल तर अर्ज देण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, आणि स्टेटमेंट बघायची तर पूर्ण तेरा महिन्यांची बघा. जुना फोन जपून ठेवला असेल तर मेसेजमध्ये 'मँडेट' आणि 'ऑटोपे' हे दोन इंग्रजी शब्द शोधा. मी ते ऑगस्टमध्ये केलं, तेव्हा लेकाच्या अभ्यासाच्या ॲपचं आणखी एक वार्षिक मँडेट सापडलं.

सप्टेंबरमध्ये सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, वर्षातून एकदा मिळणारा मोफत रिपोर्ट काढला. कार्डासमोर 'क्लोज्ड' आणि शिल्लक ०. एप्रिलचा घराचा हप्ता त्याच दिवशी भरला होता, त्यामुळे तिथे उशीर दिसत नव्हता. गोखले रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून रिपोर्टची प्रत काढून आणली आणि नवऱ्याच्या फाईलमध्ये पॉलिसीच्या नव्या पावतीमागे लावली.